शेजारच्या तंबूतला फोन

तंबूचं कापड पाऊस अडवतं, आवाज नाही. कॅम्पवर शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या गृहस्थांचं ऑफिसातलं भांडण आम्हाला आडवं पडल्या पडल्या शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं. पलीकडचा माणूस काय म्हणतोय ते मात्र कळत नव्हतं, आणि खरा त्रास त्याचाच. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिलं होतं की दोघांच्या पूर्ण संभाषणापेक्षा फोनवरचं एकतर्फी बोलणं लक्ष जास्त वेधून घेतं. पुढचं वाक्य कधी येईल याचा अंदाजच लागत नाही. अशात डोळा लागणार कसा?

त्यात निरभ्र, वारा पडलेली रात्र. अशा वेळी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दिवसा विरून जाणारं बोलणं रात्री लांबवर पोचतं ते यामुळे.

रेंज कमी असली, पलीकडचा आवाज तुटक येऊ लागला, की माणूस आपसूक ओरडून बोलतो. त्यात मुद्दाम काही नसतं. म्हणून तंबूतूनच ‘हळू बोला’ असं ओरडणं मला पटत नाही. चारचौघांत टोकलं की माणूस चिडतो. फोन संपल्यावर मी टॉर्च जमिनीकडे धरून त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, ‘‘तुमचं सगळं बोलणं आमच्याकडे ऐकू येतंय. खासगी वाटलं, म्हणून सांगायला आलो.’’ ते चपापलेच. ‘‘एवढं ऐकू येतं?’’ फाटकापाशी रेंज चांगली आहे, असं मी सांगितलं, आणि पुढचा फोन त्यांनी तिथे जाऊन घेतला.

पलीकडच्या घोळक्याचं तसं झालं नाही. त्यांचा व्हिडिओ कॉल स्पीकरवर चालला होता. विनंती केल्यावर आवाज कमी झाला, थोड्या वेळाने पुन्हा चढला. दुसऱ्यांदा मी त्यांच्याकडे गेलो नाही, थेट व्यवस्थापकांना गाठलं. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची, हे तिथल्या फलकावरच लिहिलं होतं. ते काम त्यांचं आहे, आणि त्यांनी ते लगेच केलं. अनोळखी घोळक्याशी अंधारात वाद घालण्यात धोका असतो, हे माझं ठाम मत आहे.

हल्ली जागा ठरवतानाच विचारतो, रेंज नेमकी कुठे येते? तंबू तिथून लांब ठोकतो.