जाळ्यावरचा थर

एका सकाळी समुद्रात मासे वाढवायच्या माझ्या जाळीच्या पिंजऱ्यातले मासे वर येऊन तोंड उघडू लागले. खाद्यावर नेहमीची झडप नव्हती. मला आधी रोगाचीच शंका आली. ऑक्सिजन मोजला तर पिंजऱ्याबाहेर लिटरमागे 6 मिलिग्रॅम आणि आत जेमतेम साडेतीन. जाळं ओढून पाहिलं तर दोघांना उचलेना. शेवाळ, हायड्रॉइड (झुडपासारखे दिसणारे, चिकटून वाढणारे बारीक समुद्री प्राणी) आणि कोवळे शिंपले यांनी जाळ्याचे आस, म्हणजे विणीतली भोकं, पार बुजून गेले होते, आत पाणी खेळणार कुठून!

घाईत मी मासे आत असतानाच जोरदार फवाऱ्याने जाळं धुतलं. ती मोठी चूक ठरली. हायड्रॉइडमध्ये डंख मारणाऱ्या पेशी असतात. त्यांचे सुटलेले तुकडे कल्ल्यांत गेले. कल्ले सुजले, काही मासे दगावले. ते मला अजून लागून राहिलंय. शिवाय जाळ्याला चिकटलेल्या मुळ्यांमधून हायड्रॉइड पंधरवड्यात पुन्हा उगवले.

आता प्रत्येक पिंजऱ्याला दोन जाळी ठेवतो. आस बुजायच्या आत जाळं बदलायचं आणि काढलेलं जमिनीवर कडक उन्हात वाळवायचं. मेहनत आहे, पण फरक दिसतो.

असा थर धरू नये म्हणून जाळ्यांना तांब्याचा रंग लावायचा विचार होता. पण शेजारीच माझी कालवं (ऑयस्टर), आणि तांबं त्यांच्या पिल्लांना विषारी. फ्रान्सच्या आर्काशों खाडीत बोटींच्या रंगातल्या ट्रायब्यूटिलटिन या थर रोखणाऱ्या विषारी रसायनामुळे कालवांची कवचं जाड, वेडीवाकडी झाली होती. 1982 साली तिथे लहान बोटींवर त्या रंगाला बंदी आली. ते वाचल्यावर रंगाचा नाद सोडला.

कालवांच्या टोपल्या मी काही काळ गोड्या पाण्यात बुडवतो. कालव कवच मिटून बसतं, वर चिकटलेले सी-स्क्वर्ट हे मऊ अंगाचे, पिशवीसारखे प्राणी मरतात. बार्नॅकल, म्हणजे खडकांना-बोटींना चिकटणारा टणक कवचाचा छोटा जीव, मात्र कालवासारखंच दार लावून घेतं, आणि एकदा चिकटलं की खरवडताना कालवाची कडच तुटते. त्याला चिकटूच न देणं, एवढाच इलाज मला सापडलाय. त्यासाठी पाण्यात एक खरबरीत पाटी टांगून दर आठवड्याला भिंगाखाली बघतो. या आठवड्यात पाटीवर नुकत्याच चिकटलेल्या बार्नॅकलचे पांढरे ठिपके दाट आहेत, म्हणून नव्या टोपल्या अजून काठावरच ठेवल्यात.