दोन चिमटे, अर्धी लाट

रविवारी सकाळी भाची ब्रेडबोर्ड घेऊन आली. त्यावर ब्रिज, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चार डायोडचं, एसीचं डीसी करणारं सर्किट. डिप्लोमाचं दुसरं वर्ष, मंगळवारी सबमिशन. "मामा, ब्रिज लावलाय पण आउटपुट अर्धंच येतंय. चारही डायोड बदलले, तरी तेच."

१एन४००७ डायोड मी एकेक काढून मल्टिमीटरवर लावले. सुलट ०.६ व्होल्टच्या आसपास, उलट काहीच नाही. पांढऱ्या पट्ट्याही योग्य दिशेला. ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टचा, लोड नसताना सेकंडरीवर, म्हणजे त्याच्या आउटपुटच्या बाजूला, १३ येत होते. लोड म्हणून १ किलोओहमचा रेझिस्टर. यात चुकायला जागाच नव्हती.

मग म्हटलं, तू कॉलेजात लावतेस तसाच स्कोप (ऑसिलोस्कोप, व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लाव. त्याच्या प्रत्येक चॅनलला एक प्रोब, म्हणजे मापनाची वायर: एक टोक आणि एक काळा चिमटा. तिने पहिला चॅनल सेकंडरीच्या दोन टोकांवर लावला, दुसरा लोडवर. पडद्यावर वरच्या लाटेचा माथा ठीक, पण खालचा अर्धा भाग शून्याच्या जरासा खाली सपाट कापलेला. दुसऱ्या चॅनलवर १० मिलिसेकंदांचा उंचवटा, मग १० मिलिसेकंद काहीच नाही. ट्रान्सफॉर्मर गुरगुरत होता. चारपैकी एका डायोडला बोट लावलं आणि झटकन काढून घेतलं.

आउटपुट अर्धं येणं एकवेळ समजू शकतं. पण ब्रिजच्या अलीकडची लाट का कापली जावी? मला तिथेच उलगडा झाला. पहिल्या प्रोबचा काळा चिमटा काढला. गुरगुर थांबली आणि खालच्या चॅनलवरचे उंचवटे एकमेकांना चिकटून आले, सेकंदाला १००.

दोन प्रोबचे चिमटे आपल्याला वेगळे दिसतात, पण स्कोपच्या आत ते एकच तार आहेत आणि ती अर्थिंगच्या पिनलाही जोडलेली असते. एक चिमटा सेकंडरीच्या टोकाला, दुसरा डीसीच्या मायनसला, म्हणजे त्या दोघांमधला डायोड स्कोपनेच शॉर्ट केला. एका अर्ध्या फेरीत लोडला वीज मिळते. दुसऱ्या अर्ध्या फेरीत शेजारचा एकटा डायोड अख्ख्या सेकंडरीवर आडवा पडतो. तापत होता तो हाच.

मग करायचं काय? चिमटा एकच, डीसीच्या मायनसला. दोन प्रोबची टोकं सेकंडरीच्या दोन टोकांना लावायची आणि स्कोपच्या मॅथ सुविधेत पहिल्यातून दुसरा चॅनल वजा करायचा. पूर्ण साइन लाट मिळते. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही चॅनल अर्धेच दिसतात, तळ उणे ०.७ व्होल्टवर सपाट. तो बिघाड नव्हे, ब्रिज असाच चालतो. आउटपुट पाहायचं तर एक प्रोब लोडच्या प्लसवर न्यायचा.

"आमच्या लॅबमध्ये एकजण म्हणाला, स्कोपच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकायची," ती म्हणाली. अगं, अजिबात नाही! चिमट्याला जे व्होल्टेज लागेल ते मग स्कोपच्या सगळ्या धातूवर येतं, आणि आपला हात तिथेच असतो. इथे मध्ये ट्रान्सफॉर्मर होता म्हणून नुसता डायोड तापला. थेट २३० व्होल्टवरच्या ब्रिजला, एलईडी बल्बच्या किंवा चार्जरच्या आत असतो तसल्या, हा चिमटा कधीच लावायचा नाही. तिथे डिफरन्शियल प्रोबच (कुठलंही टोक अर्थला न जोडता दोन टोकांमधला फरक मोजणारा) हवा, आणि तो नसेल तर मापन सोडून द्यावं.

तिने तिन्ही आलेख वहीत काढले, कापलेली लाटसुद्धा. तापलेला डायोड मी बदलून दिला. मल्टिमीटरवर तो अजूनही ठीक दाखवत होता, पण माझा त्याच्यावर भरवसा उरला नव्हता.