नोंद ९ : उंचवट्यांनी अखेर वर्ख धरला

काल रात्री पावणेबाराला जिन्याच्या भिंतीसाठीच्या उठावदार वॉलपेपरच्या तिसऱ्या नमुन्यावरचा सुटा वर्ख मऊ ब्रशने झाडला आणि खालून वेलीचं अख्खं पान निघालं. देठापासून टोकापर्यंत सलग, एकही भोक नाही. घरात सगळे झोपलेले, त्यामुळे कौतुक करायला कुणी नव्हतं. दहा मिनिटं नुसता टॉर्च तिरका मारून बघत बसलो.

मागच्या दोन नोंदींत मी साईझच्या, म्हणजे वर्ख चिकटवायच्या डिंकासारख्या थराच्या, नावाने खडे फोडले होते. ते सगळे शब्द मागे घेतो. दोष साईझचा नव्हताच.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: काम अ‍ॅनाग्लिप्टा जातीच्या, म्हणजे लगद्यातून उठाव काढलेल्या, वॉलपेपरवर चाललंय. लिंक्रस्टा हा भरीव उठावाचा वॉलपेपर वापरायची हौस होती. फ्रेडरिक वॉल्टनने १८७७ साली बाजारात आणलेला हा माल जवसाच्या तेलाचा, जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचाच धाकटा भाऊ. त्याचा उठाव भरीव असतो, अंगठ्याने दाबला तरी बसत नाही. पण तो जड आणि ताठर, आणि माझी भिंत काही सरळ नाही. वॉल्टनकडेच काम करणाऱ्या थॉमस पामरने पुढे कागद आणि कापसाच्या लगद्याचा हलका प्रकार काढला, मी त्याच वाटेने गेलो. लगद्याचा कागद मागून पोकळ, त्यामुळे चिकटवताना जोर दिला की वेल चपटी होते. आणि तो पाणी पितो. हे दुसरं वाक्य मी पहिल्या नोंदीत स्वतःच लिहिलं होतं आणि स्वतःच विसरलो.

तर रडगाणं असं होतं. वेलीच्या उंचवट्यांवर वर्ख धरत नव्हता, झाडला की निम्मा ब्रशबरोबर यायचा. आणि खाचांमध्ये बरोबर उलट: साईझचं तळं साचायचं, वर्ख त्यात बुडायचा आणि मळकट पिवळ्या चिखलासारखा दिसायचा. एकाच पानावर, दोन बोटांच्या अंतरावर, दोन विरुद्ध आजार. पाण्याची साईझ लावली तेव्हा तर हे उघड दिसायचं. ती दुधासारखी पांढरी लागते आणि वाळली की पारदर्शक होते. उंचवटे पाच मिनिटांत पारदर्शक आणि खाचांत अर्ध्या तासानंतरही दुधाच्या रेघा. मी शहाण्याने हेअर ड्रायर मारला. वरून साय धरली, खाली ओल तशीच. त्यावर पितळी वर्ख बसवला आणि आठ दिवसांत त्या सगळ्या रेघांवर हिरवट झाक आली. अखेर तांबं आणि जस्तच ते, ओल कोंडली की बोंब मारणारच.

मग तेलाच्या साईझकडे वळलो. आधी तीन तासांची, मग बारा तासांची, म्हणजे लावल्यावर तेवढ्या वेळाने वर्ख ठेवण्याजोगी होणारी. बारा तासांची संथ पसरते, ब्रशच्या रेघा राहत नाहीत, म्हणून वाटलं हीच तारणार. खाचांतलं तळं आणखी खोल झालं. साईझ वर्ख धरण्याइतकी सुकली का, हे बोटाच्या सांध्याची पाठ हलकेच टेकवून बघतात. उंचवट्यावर सांधा कोरडा सरकायचा, खाचेत चिकटून वर तार यायची. वर्ख कधी ठेवायचा? एकासाठी उशीर झालेला, दुसऱ्यासाठी फार लवकर. बारा तासांची, मग चोवीस तास थांबून, मग पातळ करून, मग दोन हात देऊन… वहीत सतरा प्रयोगांची नोंद आहे. सतराही वाया.

उत्तर मिळालं ते घामामुळे. वर्ख उघडा असताना पंखा बंद ठेवावा लागतो. नमुन्यावर वाकलो होतो, कपाळावरून एक थेंब एका पानाच्या शिरेवर पडला. पुसायला फडकं घेईपर्यंत थेंब गायब, त्या जागी गडद डाग. मी तसाच थांबलो. मग बोट पाण्यात बुडवून शेजारच्या खाचेत एक थेंब सोडला. तो मण्यासारखा उभा राहिला, हलवला तर घरंगळला.

म्हणजे लगद्याने पाणी पिऊ नये म्हणून आधी दिलेला प्रायमर खाचांत शाबूत आणि उंचवट्यांवर गायब. कुणी काढला? मीच. ब्रशच्या रेघा जाव्यात म्हणून ३२० नंबरचा पॉलिश पेपर ‘हलक्या हाताने’ फिरवला होता. पेपर खाचेत जातच नाही, सगळा भार उंचवट्यांवर. टोकांवरचा प्रायमर घासून थेट लगदा उघडा पडला होता आणि तो साईझ पिऊन टाकत होता. दोन आजार नव्हते. पिणारे उंचवटे पाहून मी दर वेळी साईझ जास्त लावत होतो आणि जास्तीची सगळी खाचांत उतरत होती.

आता कृती अशी. घासकाम बंद. प्रायमरवर चपडी लाखेचे दोन पातळ हात, उंचवट्यांवर तिसरा. वाळल्यावर थेंबाची चाचणी पूर्ण तुकड्यावर, कंटाळा न करता. मग पिवळ्या मातीच्या रंगाचा ऑइल पेंट, खाचांत गेरूचा. म्हणजे वर्ख कुठे चुकला तरी पांढरं भगदाड न दिसता जुन्या कामासारखी ऊब दिसते. साईझमध्ये ट्यूबमधला पिवळा तेलरंग मोहरीएवढा मिसळतो, कुठे लागली आणि कुठे साचली ते दिसावं म्हणून. लावून झाली की आखूड कापलेला कोरडा ब्रश सगळ्या खाचांतून फिरवायचा, जास्तीची उचलायची, ब्रश फडक्याला पुसायचा, पुन्हा फिरवायचा. बारा तासांनी उंचवट्यावर आणि खाचेत सांध्याला सारखीच चिकट लागली. पहिल्यांदाच!

हत्यारांबद्दल दोन शब्द. कागदाला चिकटवलेला ट्रान्सफर वर्ख उठावाच्या कामाला निरुपयोगी, कागद खाचेत वाकत नाही. सुटाच घ्या. वर्ख दाबायला महागडा मॉप ब्रश घेतला होता, त्याचे केस पितळाखाली कायमचे गाडले गेलेत. गालाला पावडर लावायचा ब्रश दसपट बरा. झाडलेला चुरा बरणीत जमवा, भोकं बुजवायला त्याच्यासारखं काही नाही. आणि एका विक्रेत्याने ‘शुद्ध सोन्याचा वर्ख’ म्हणून पाठवलेली वही उघडली तर पानं चौदा सेंटीमीटरची. खऱ्या सोन्याचं पान साधारण आठ सेंटीमीटरचं असतं आणि श्वासाने उडतं; हे पान चिमटीत धरता येत होतं. वही परत केली.

आता वाईट बातमी. दुसऱ्या नमुन्यावर, जो मला बरा जमला असं वाटत होतं, तपकिरी ठसा उमटलाय. जवळून पाहिलं तर वळ्यावळ्यांचा, माझाच उजवा अंगठा. महिन्यापूर्वी हातमोजा काढून एक कोपरा दाबला होता, आणि लाखेचा हात द्यायला चार दिवस उशीर केला. पुसून जात नाही. पितळी वर्खाने जिन्याची पूर्ण भिंत करायची, सहा पट्ट्या, आणि माझ्या हातांना घाम सुटतो. जमेल?

आणि हे लिहितानाच डोक्यात आलं: पितळ हवंय कशाला? युरोपातल्या जुन्या सोनेरी चामड्याच्या भिंतींवर बहुतेक वेळा सोनं नसायचंच. चांदीचा वर्ख आणि त्यावर पिवळं वॉर्निश. जपानी किंकाराकावाकामी हा त्याच चामड्याचा कागदी अवतार, त्यातही धातूचं पान आणि वरून रंगीत रोगण. चांदी काळी पडते, पण अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख पडत नाही. आणि नारिंगी चपडी लाख माझ्याकडे आहेच.

मजकूर अर्धवट ठेवून अ‍ॅल्युमिनियम वर्खाचा तुकडा करून आलो. लाखेचा एक हात दिला तर लिंबाच्या सालीसारखा फिका पिवळा. तिसऱ्या हाताला जुन्या निरांजनाचा रंग आला, पितळापेक्षा खोल, कारण चमक लाखेच्या आतून येते. अडचण एकच: लाखेतल्या स्पिरिटमुळे नवा हात खालचा हात विरघळवतो, ब्रश एकाच जागी दोनदा गेला की गडद पट्टा उठतो. सपाट भागावर तीन पट्टे दिसताहेत, वेलीवर मात्र ते उठावात लपले. म्हणजे सपाट भागाला लाख फवारून द्यावी, की तिथे वर्खच न लावता गेरू ठेवून हाताने बारीक बुट्टे काढावेत? दुसरं जास्त आवडतंय. नवीन पितळी वर्ख मागवायचं रद्द. तुकड्याच्या अर्ध्या भागावर उघडा अंगठा मुद्दाम दाबून ठेवलाय, महिन्याने बघू.