अंगठा तीनदा, पावती एकही नाही

निराधारचे पैसे आले की आमच्या ग्रामपंचायतीत पहिली बातमी बँकेची येत नाही, म्हाताऱ्यांची येते. एके दिवशी साडेदहालाच एक आजी ओट्यावर येऊन बसली. पिशवीत पासबुक, रेशनकार्ड आणि पंधराशे रुपये रुमालात बांधलेले.

"सायब, माहा पगार एकाच महिन्याचा आला. शेजारणीचा दोन महिन्यांचा आला."

इकडे संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनेच्या पैशाला पगारच म्हणतात. महिन्याला १५०० रुपये. दोन महिने थकले की एकदम ३००० पडतात, आणि गडबड तेव्हाच होते. म्हाताऱ्या माणसाला किती पडले हे कळायला मार्ग नसतो. तो दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकतो.

आजीचं पासबुक चार महिने छापलेलं नव्हतं. शाखा चौदा किलोमीटरवर, आणि छपाईच्या मशीनला लागणारा बारकोडचा स्टिकर घामानं पुसलेला. शिपायाला पाठवून काउंटरवर एन्ट्री करून आणली. ३००० जमा झाले होते. त्याच तारखेला १५०० चे दोन विड्रॉल होते. गावात पैसे काढून देतो तो बँक मित्र, म्हणजे बँकेनं नेमलेला प्रतिनिधी. त्याच्या मशीनवर अंगठा लागला की आधारला जोडलेल्या खात्यातून पैसे निघतात.

"अंगठा कितीदा लावला, आजी?"

"तीन दा. लागे नाई म्हने."

ही युक्ती जुनी आहे. 'लागला नाही' म्हणून पुन्हा अंगठा घ्यायचा आणि पैसे दोनदा काढायचे. कापूस वेचून, निंदून म्हाताऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात, त्यामुळे 'लागला नाही' हे कोणालाही पटतं. खरंच लागत नाही, अशीही पाळी येते. पुष्कळदा तर सर्व्हर अडकतो, खात्यातून पैसे कटतात आणि हातात काहीच येत नाही. ते पैसे पाच दिवसांत परत यायला हवेत. पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. म्हणून दोन एन्ट्र्या दिसल्या की लगेच चोर म्हणून मोकळं होता येत नाही.

खरं काय ते वेळ सांगते, पण पासबुकात वेळ नसते. खात्याला आणि आधारला जोडलेला नंबर पुण्यात कंपनीत असलेल्या नातवाचा. बँकेचे मेसेज त्यालाच जायचे. त्याला वाटलं, आजीनं दोन महिन्यांचे पैसे काढले. त्याला फोन लावला आणि आधारच्या संकेतस्थळावर आजीची ऑथेंटिकेशन हिस्टरी, म्हणजे अंगठा कधी लागला त्याची यादी, उघडली. तिथे मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी दिसतात. ओटीपी नातवानं फोनवर वाचून दाखवला. 'ओटीपी कोणालाही सांगू नका' हे माईकवरून ओरडून सांगणारा मीच!

११.४२ ला अंगठा यशस्वी. ११.४५ ला पुन्हा यशस्वी. मधला एक फेल. नातवाच्या मेसेजातही दोन रकमा कटलेल्या. पाच दिवस उलटले तरी उलट एन्ट्री आलेली नव्हती. बँक मित्र म्हणून बसणाऱ्या त्या पोरानं 'एकच महिना आला' असं सांगून पंधराशे हातावर ठेवले होते. पावतीचं यंत्र त्याच्याकडे नव्हतंच, नुसता मोबाईल आणि वायरीचं स्कॅनर.

अर्ज कसा लिहायचा, इथे बरेच जण चुकतात. 'अज्ञात व्यक्तीने पैसे काढले' असं लिहिलं की रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातली मुदत लागू होते. मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या कामकाजी दिवसात मूलभूत (झिरो बॅलन्स) बचत खात्याला पाच हजार किंवा गेलेली रक्कम, जी कमी असेल तितका भार ग्राहकावर. म्हणजे पंधराशे गेलेल्या आजीवर पूर्ण पंधराशेचा. गरिबाच्या वाट्याला या नियमातून काही उरत नाही. पण बँकेच्याच माणसानं केलं असेल तर ग्राहकानं कधी कळवलं हा प्रश्नच येत नाही. म्हणून अर्जात 'आपल्या बँकेच्या प्रतिनिधीने' असे शब्द घातले. सोबत पासबुकाची झेरॉक्स, नोंदीची प्रिंट आणि मेसेजमधला बारा अंकी संदर्भ क्रमांक जोडला. शाखेत पोच घेतली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तो क्रमांकही अर्जावर टाकला. ३० दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही तर पुढे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, हेही खाली लिहिलं.

कोणी म्हणालं, आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका. करता येतं. पण मग रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही आणि आजी धान्याविना परतते. पोरं घरी असलेल्यांना हा उपाय बरा, एकट्या म्हातारीला नाही.

त्यानंतरच्या ग्रामसभेत ठराव घेतला. पगाराच्या दिवशी मशीन पंचायतीच्या टेबलावरच, पावतीच्या यंत्रासह. बचतगटाची एक बाई शेजारी वही घेऊन. आधी शिल्लक बघायची आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. 'लागला नाही' म्हटलं की मोबाईलचा पडदा तिला दाखवायचा, मगच दुसरं बोट. बोट ओल्या फडक्यानं पुसायचं. दहापैकी कोणतंही चालतं. कोतवालानं आदल्या संध्याकाळी दवंडी द्यायची.

आजीच्या खात्यात पंधराशे परत आले, बावीस दिवसांनी. पोराचं मशीन बँकेनं बंद केलं.

अडलंय ते खाटेवरच्या माणसांचं. आमच्या गावात अशी अकरा. त्यांच्यासाठी मशीन घरी जातं आणि वहीवाली बाई टेबल सोडू शकत नाही. सध्या आशाताई सोबत जाते, पण लसीकरणाच्या दिवशी तीही नसते. मग त्या दिवशी ती अकरा घरं राहतात.