पाळणाघराची फी कोणाच्या पगारातून?

बाळंतपणाची रजा संपत आली की घरोघरी एकच वजाबाकी मांडली जाते: आईचा पगार वजा पाळणाघराची फी. उत्तर किरकोळ आलं की कोणीतरी म्हणतंच, "अगं, एवढ्यासाठी कशाला ओढाताण करतेस?" आमच्याकडे हे नणंदेनं म्हटलं, आणि अगदी मायेनं म्हटलं.

पण मूल दोघांचं असताना फी माझ्याच पगारातून का जावी? मी हिशेबनीसाचं काम करते, त्यामुळे असली मांडणी डोळ्यांत खुपतेच. दोन्ही पगार एकत्र धरून फी वजा केली. शिल्लक अर्थातच तेवढीच, पण "तुझी नोकरी परवडत नाही" असं आता कोणाला म्हणता येईना. शिवाय फी काही वर्षांपुरतीच. नोकरी सोडली तर मधल्या पगारवाढी आणि बढत्याही जातात. डेन्मार्कमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की पहिल्या मुलानंतर बायकांची कमाई पुरुषांच्या तुलनेत सुमारे 20 टक्क्यांनी मागे पडते आणि पुढेही भरून निघत नाही. बापांच्या कमाईला धक्काही लागत नाही.

पैशाचं एकवेळ सुटतं. खरी अडचण पाळणाघराच्या फॉर्मवर दिसली: "तातडीच्या वेळी प्रथम संपर्क". एकच रकाना. ताप आला, उलटी झाली की ज्याला मीटिंग टाकून धावावं लागणार, त्याचा नंबर. नवऱ्यानं पेन उचललं आणि सवयीनं माझाच नंबर लिहायला घेतला!

2023 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन नेमकं यावरच बोट ठेवतात. काही नोकऱ्या वेळी-अवेळी हजर राहणाऱ्याला भरमसाट जास्त पैसे देतात. मग जोडप्यातला एक जण तशी नोकरी धरतो आणि दुसरा घरच्या फोनसाठी मोकळा राहतो. दुसरा कोण, हे सांगायला नको. त्यांचं फार्मासिस्टचं उदाहरण मला फार पटलं: अमेरिकेत या पेशात एकाचं काम दुसरा सहज पुढे चालवू शकतो, म्हणून तिथे स्त्री-पुरुषांच्या तासाच्या मोबदल्यात फरक फार थोडा.

म्हणून मी साहेबांकडे कमी तास मागितलेच नाहीत. कामाला एक जोडीदार मागितला. माझी खाती एका सहकाऱ्याला ठाऊक, त्याची मला. फायली एका ठिकाणी, कोणतं काम कुठवर आलंय याची नोंद रोजच्या रोज. त्याची आई आजारी असते, त्यामुळे तो लगेच तयार झाला.

नवऱ्याच्या ऑफिसात हे जमायला वेळ लागला. "बायको नाही का जाऊ शकत?" असं त्याला विचारलं गेलं. "आज माझा वार आहे," म्हणून तो निघाला. फॉर्मच्या त्या रकान्यात आम्ही खाडाखोड करून दोन्ही नंबर लिहिलेत, पुढे वारांसकट. पाळणाघरातल्या ताई मात्र अजून आधी मलाच फोन लावतात. त्यांच्याशी बोलायचंय.