बक्षीस मागच्या हंगामाचे, करार पुढच्या हंगामाचा

आमच्या बेसबॉल लीगचा हंगाम संपला की ओळखीची माणसे मला एक प्रश्न हमखास विचारतात. सामने संगणकाने खेळवले, अजिंक्यपदही ठरले, खेळाडू तर मुळात अस्तित्वातच नाहीत; मग त्यानंतरचे कित्येक आठवडे कोणाला पुरस्कार द्यायचा आणि कोणाला संघात ठेवायचे यावर तुम्ही एवढे डोके का शिणवता? याचे उत्तर एकदा सविस्तर लिहितो, कारण माझ्या लेखी या छंदातला सर्वांत कसोटीचा भाग त्याच आठवड्यांत येतो.

ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. आमची लीग ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ या संगणकीय खेळावर चालते. मार्कुस हाइनझोन या जर्मन प्रोग्रॅमरचा हा खेळ 1999 मध्ये आला, पण त्यामागची परंपरा बरीच जुनी आहे. अमेरिकेत 1951 मध्ये ‘ॲपबा’ आणि 1961 मध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हे खेळ विकले जाऊ लागले. खेळाडूची कामगिरी एका कार्डावर आकड्यांत मांडायची आणि प्रत्येक खेळीचा निकाल फाशांवर सोपवायचा, ही रीत त्यांनी घरोघरी रुजवली. आता फाशांचे काम संगणक करतो. प्रत्येक संघाचा कारभार एका माणसाकडे असतो, त्याला आम्ही जीएम (जनरल मॅनेजर) म्हणतो, आणि नियम सांभाळायला एक कमिशनर असतो. हंगाम चालू असताना जीएम बॅटरांचा क्रम आणि पिचरांची (चेंडू टाकणाऱ्यांची) पाळी ठरवून आपली फाइल पाठवतो. कमिशनर नेमल्या दिवशी पुढचे सामने चालवतो. बॅटला लागलेला चेंडू कुठे पडेल, यावर आमच्यापैकी कोणाचाही ताबा नसतो. ऑफसीझन, म्हणजे दोन हंगामांमधला काळ, लागला की सामने थांबतात आणि माणसांचे निर्णय तेवढे उरतात.

या निर्णयांचे दोन प्रकार आहेत आणि ते नेमके एकाच वेळी घ्यावे लागतात. पुरस्काराचे मत देताना होऊन गेलेल्या हंगामाचा न्याय करायचा असतो. रोस्टर, म्हणजे संघात ठेवायच्या खेळाडूंची यादी, ठरवताना अजून न झालेल्या हंगामाचा अंदाज बांधायचा असतो. दोन्ही वेळा समोर तेच खेळाडू आणि तेच आकडे असतात, परंतु त्या आकड्यांना विचारायचा प्रश्न वेगळा असतो, आणि एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या माथी मारून मोकळे होण्याचा मोह भल्याभल्या जीएमना आवरत नाही.

आमचे पुरस्कार मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या नमुन्यावर बेतलेले आहेत. तिथे बेसबॉल पत्रकारांची संघटना 1931 पासून अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या तिच्या दोन विभागांचे एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचे खेळाडू, निवडत आली आहे. नवोदित खेळाडूचा पुरस्कार 1947 मध्ये सुरू झाला आणि त्याचा पहिला मानकरी जॅकी रॉबिन्सन ठरला. पिचरांसाठीचा साय यंग पुरस्कार 1956 मध्ये आला आणि 1967 पासून तो दोन्ही लीगमध्ये स्वतंत्रपणे दिला जातो. एमव्हीपीच्या मतपत्रिकेवर दहा नावे क्रमाने लिहायची असतात. पहिल्या नावाला 14 गुण मिळतात, दुसऱ्याला 9, आणि तिथून एकेक कमी होत दहाव्याला 1. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातले ते पाच गुणांचे अंतर मला फार मोलाचे वाटते, कारण त्यामुळे मतदाराला ‘दोघेही सारखेच’ असे म्हणून निसटता येत नाही. मते प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरचे अजिंक्यपदाचे सामने, सुरू होण्याआधीच गोळा केली जातात. आमच्याकडे मतपत्रिका हंगामानंतर पाठवतात, तरी प्लेऑफची कामगिरी मतात धरत नाहीत, आणि हे कधी बदलू नये असे माझे ठाम मत आहे. 162 सामन्यांच्या कामगिरीवर शेवटच्या काही रात्रींचा रंग चढू देणे अन्यायाचे होईल.

दरवर्षी पहिला वाद होतो तो तळाच्या संघातल्या खेळाडूंवरून. ज्याचा संघ शेवटचा आला, तो सर्वांत मोलाचा कसा, असा आक्षेप घेतला जातो. प्रत्यक्ष बेसबॉलमध्ये 1987 साली शिकागो कब्जच्या आंद्रे डॉसनला आणि 2003 साली टेक्सास रेंजर्सच्या ॲलेक्स रॉड्रिगेझला हा पुरस्कार मिळाला, तेव्हा दोघांचेही संघ आपापल्या गटात तळाला होते. मला ते निर्णय योग्य वाटतात. संघाच्या यशाची नोंद गुणतक्त्यात झालेलीच असते. तीच नोंद पुन्हा एका माणसाच्या नावावर चढवण्यासाठी वेगळ्या पुरस्काराची गरज नाही.

पिचरांच्या बाबतीत प्रश्न अधिक खोल आहे. पूर्वी पिचरची थोरवी त्याच्या नावावर लागलेल्या विजयांवरून मोजत, आणि विजय तर त्याच्या संघाने किती धावा काढल्या यावर अवलंबून असतात. सिॲटल मरिनर्सच्या फेलिक्स हर्नांडेझने 2010 मध्ये 13 विजय आणि 12 पराभव असा हिशेब असतानाही साय यंग पुरस्कार मिळवला, कारण नऊ इनिंगमागे त्याने सरासरी 2.27 एवढ्याच धावा दिल्या होत्या. न्यूयॉर्क मेट्सचा जेकब डीग्रॉम 2018 मध्ये अवघे 10 सामने जिंकला, 9 हरला, त्याची सरासरी 1.70 होती, आणि 30 पैकी 29 मतदारांनी त्याला पहिला क्रमांक दिला. इथवर आमच्या लीगमध्येही सगळ्यांचे एकमत असते. मतभेद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर.

व्होरोस मॅक्रॅकेन या अभ्यासकाने 2001 मध्ये असे मांडले की, होमरन (थेट मैदानाबाहेर गेलेला फटका) वगळता बॅटला लागून मैदानात आलेल्या चेंडूंपैकी कितींवर हिट (बॅटर सुखरूप बेसवर पोहोचेल असा फटका) मिळावी, यावर मेजर लीगच्या पिचरांचे नियंत्रण फार थोडे असते. लीगभरात अशा चेंडूंपैकी साधारण तीन दशांश हिट ठरतात, आणि एखाद्या हंगामात पिचरचा आकडा त्याहून बराच खाली गेला तर त्यात नशिबाचा आणि फिल्डरांचा वाटा मोठा असतो. खऱ्या बेसबॉलमध्ये हा वाटा अंदाजानेच काढावा लागतो, कारण पिचरची अस्सल क्षमता कुठेही लिहून ठेवलेली नसते. आमच्या खेळात मात्र ती लिहिलेली असते. प्रत्येक खेळाडूच्या क्षमतांचे आकडे संगणकाला ठाऊक असतात, आणि आम्हाला दिसतो तो स्काउटचा, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्याचा, अंदाज, 20 ते 80 या मोजपट्टीवर मांडलेला आणि चुकीला जागा असलेला. त्यामुळे आमच्यातले काही जाणकार दरवर्षी असा युक्तिवाद करतात की, या पिचरची क्षमता मध्यमच आहे, यंदा चेंडू फिल्डरांच्या हाती जात राहिले म्हणून त्याची सरासरी सुंदर दिसते, तेव्हा पुरस्कार ज्याचे स्ट्राइकआउट (चेंडू खेळात न येता बाद केलेले बॅटर) जास्त आणि वॉक (चार चुकीच्या चेंडूंनंतर मिळणारा फुकटचा बेस) कमी आहेत त्यालाच द्यावा.

या मंडळींच्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे आणि तरीही मी त्यांच्या विरोधात मत देत आलो आहे. फिल्डरांचे श्रेय पिचरच्या खात्यातून वजा करा, मैदान मोठे की लहान ते पाहा, प्रतिस्पर्धी बॅटर किती तगडे होते ते तपासा; हे सगळे न्यायाला धरून आहे. पण ज्या धावा झाल्याच नाहीत, त्या ‘व्हायला हव्या होत्या’ म्हणून त्याच्या नावावर मांडणे मला मान्य नाही. समोरचे बॅटर बाद झाले, सामने तिथेच फिरले, आणि इतर संघांचे गुणतक्त्यातले स्थानही त्यावरून ठरले. पुरस्कार ही त्या घडलेल्या गोष्टीची नोंद आहे. आमच्या खेळाडूंना दुसरे आयुष्य नाही. लीगच्या इतिहासाच्या पानांवर जे उरते तेवढेच त्यांचे असते, म्हणून त्या पानांवर घडलेलेच लिहिले जावे याबद्दल मी आग्रही आहे. संगणक आपल्या सूत्राने विजेते काढून देऊ शकतो, पण त्या सूत्रामागची मूल्ये कोणाची, हे विचारायला तिथे कोणी नसते. आमच्याकडे प्रत्येक मतदाराला पहिल्या नावामागचे कारण लिहून द्यावे लागते, आणि ती कारणे मी निकालाहून जास्त लक्ष देऊन वाचतो.

आता रोस्टर. नियम पुन्हा मेजर लीगचेच: प्रत्येक संघाला चाळीस खेळाडूंची यादी राखता येते आणि त्यातले 26 सामन्यांसाठी उपलब्ध असतात. हंगामात दीर्घ दुखापतीच्या, म्हणजे साठ दिवसांच्या यादीत टाकलेला खेळाडू चाळिसांत धरला जात नाही. पण वर्ल्ड सीरिज, म्हणजे अजिंक्यपदाची शेवटची मालिका, संपल्यावर लगेचच ती सवलत संपते आणि अशा प्रत्येकासाठी चाळिसांत जागा करावी लागते. बाहेरून पाहणाऱ्याला हा किरकोळ तपशील वाटेल, परंतु ऑफसीझनमधली पहिली ओढाताण याच नियमातून सुरू होते. त्यानंतर ज्यांची मेजर लीगमधली सेवा साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान आहे त्यांच्या लवादाचा, म्हणजे पगार तटस्थ लवादाकडून ठरवून घेण्याच्या हक्काचा, प्रश्न येतो. त्यांचा पगार वाढणार हे नक्की असते, म्हणून तो देण्याची तयारी आहे की त्यांना करार न देता मोकळे करायचे, हे नोव्हेंबरमध्येच सांगावे लागते.

मला सर्वांत प्रिय असलेला नियम मात्र रूल फाइव्ह ड्राफ्टचा आहे. मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवरच्या संघांत, ठरावीक वर्षे काढलेल्या खेळाडूला संघाने चाळिसांत घेतले नाही, तर डिसेंबरमध्ये दुसरा संघ एक लाख डॉलर भरून त्याला उचलू शकतो. मात्र त्या संघाने त्याला पुढचा संपूर्ण हंगाम 26 जणांत ठेवले पाहिजे, नाहीतर अर्ध्या रकमेत मूळ संघाला परत देऊ केले पाहिजे. श्रीमंत संघांनी गुणी मुले नुसती साठवून ठेवू नयेत, हा त्यामागचा हेतू. त्या काळातल्या नियमांनुसार 1954 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने मायनर लीगमध्ये ठेवलेल्या एका तरुण आउटफील्डरला पिट्सबर्ग पायरेट्सने असेच उचलले. त्याचे नाव रॉबर्टो क्लेमेंटे. पुढची 18 वर्षे तो पिट्सबर्गकडूनच खेळला आणि त्याने बरोबर 3000 हिट मारल्या. चाळिसाव्या जागेसाठी आम्ही रात्र रात्र का खपतो, ते यावरून लक्षात यावे.

पुरस्कार आणि रोस्टर यांची गाठ पडते तेव्हा लोकांना धक्का बसतो. गेल्याच महिन्यात ज्याला तुम्ही सर्वोत्तम म्हणालात, त्यालाच आता दुसऱ्या संघाला देऊन टाकता? होय, आणि यात कृतघ्नता नाही. रॉड्रिगेझ 2003 चा एमव्हीपी होता आणि 2004 च्या फेब्रुवारीत रेंजर्सनी त्याला यांकीजकडे दिले. जियानकार्लो स्टँटनने 2017 मध्ये मायामी मार्लिन्ससाठी 59 होमरन मारले, एमव्हीपी मिळवला, आणि त्याच डिसेंबरमध्ये तोही यांकीजकडे गेला. 13 वर्षांसाठी 32.5 कोटी डॉलरचा त्याचा करार मार्लिन्सच्या नव्या मालकांना पेलायचा नव्हता. माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण आर. ए. डिकीचे आहे. नकलबॉल हा जवळजवळ न फिरणारा संथ चेंडू टाकणाऱ्या या पिचरने 2012 मध्ये मेट्ससाठी 20 सामने जिंकून साय यंग मिळवला, तेव्हा तो 38 वर्षांचा होता. काही आठवड्यांतच मेट्सने त्याला टोरंटो ब्लू जेजकडे पाठवले आणि बदल्यात मिळालेल्यांमध्ये नोआ सिंडरगार्ड हा विशीतला, तोवर मेजर लीगमध्ये न खेळलेला पिचर होता. पुढच्या हंगामात डिकीने 14 जिंकले, 13 हरले आणि त्याची सरासरी 4.21 वर गेली. सिंडरगार्ड 2015 च्या वर्ल्ड सीरिजमध्ये मेट्ससाठी सामना जिंकला. डिकीचा पुरस्कार या कशानेही कमी होत नाही. तो मिळाला होता 2012 साठी, आणि ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, होती पुढच्या वर्षांसाठी.

ट्रेडमध्ये समोर संगणक नसतो, माणूस असतो, ही गोष्टही विसरता कामा नये. कोणी आपल्या तरुण खेळाडूंवर मुलांसारखा जीव लावतो, कोणी अजिंक्यपदासाठी उतावीळ असतो, आणि एखादा नवखा जीएम स्काउटच्या पहिल्या अहवालावरच विसंबतो. नवख्याचा असा फायदा घेणे आमच्याकडे कमीपणाचे मानतात. कमिशनर एकतर्फी ट्रेड रोखू शकतो, पण तशी वेळ आणू नये, असा संकेत आहे. लुटला गेलेला माणूस लीग सोडून जातो आणि मग त्याचा संघ अनाथ होतो.

या वर्षीची माझी साय यंगची मतपत्रिका मी पाठवली आहे. आमच्या नियमांत स्वतःच्या संघातल्या खेळाडूला मत देता येते, आणि माझे पहिले नाव माझ्याच डावखुऱ्या पिचरचे आहे. त्याच्या चेंडूंवर हिट कमी मिळाल्या, त्यात नशिबाचा हात होता हे मला दिसते. स्ट्राइकआउट घटले आहेत हेही दिसते, आणि त्याने तिशी कधीच ओलांडली आहे. म्हणून त्याच आठवड्यात मी त्याच्यासाठी दोन संघांशी बोलणी सुरू केली. त्यांपैकी एक संघ मायनर लीगमधला एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फिल्डर) द्यायला तयार आहे. त्या मुलाला रूल फाइव्हपासून वाचवायचे तर मुदतीच्या आत चाळिसांत घ्यावे लागेल. पिचर गेला की त्याची जागा मोकळी होईल, पण त्या जागेवर दीर्घ दुखापतीतून परतणारा माझा पहिल्या बेसवरचा खेळाडूही हक्क सांगतो आहे, आणि त्या दोघांपैकी कोण, हे ठरवायला अजून थोडे दिवस हाती आहेत.