सात महिन्यांनी बुटांची लेस बांधली

आज पहाटे बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात पळालो. पळालो म्हणजे काय, 1 मिनिट पळायचं, 2 मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. त्यातच घामाघूम!

गेल्या पावसाळ्यात राजहंसगड उतरताना घाई नडली आणि गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली. ऑपरेशन टळलं, पण मांडी इतकी आटली की पँट एकाच पायाला सैल व्हायची. मग रोज पाय सरळ करून उचलणं. भयंकर कंटाळवाणं प्रकरण. मोजायचं कंत्राट लेकीकडे. "बाबा, नऊच झाले, फसवू नका."

आज पहिल्या मिनिटाला सगळा जीव गुडघ्यात. कट्ट वाजतंय काय, कान देऊन ऐकत होतो. नाही वाजलं. तिसऱ्या फेरीला झाडांखालच्या दवानं भिजलेल्या पाचोळ्याचा वास आला, तेव्हा लक्षात आलं, गुडघा आहे हेच विसरलोय.

रोज फिरायला येणारे एक काका थांबले. "काय वो, गावाला गेल्तासा काय?"

"घरातच होतो की, काका."

आता बर्फाची पिशवी लावून लिहितोय. सूज नाही. उद्या विश्रांती, परवा परत. बूट मात्र बायकोनं कपाटात घालून किल्ली स्वतःकडं ठेवलीय. उद्यासाठी.